लग्नाच्या कपड्यांतली क्रांती

सिनेमाचा आमच्या साडूंइतका कडकडीत द्वेष करणारा आणि त्यांच्याइतके सिनेमे पाहणारा दुसरा माणूस अख्ख्या मॉरिशसात झाला नाही आणि होणारही नाही. रविवारी दुपारी माएबूर्गच्या थिएटरात मुंबईहून आलेला जो काही हिंदी सिनेमा लागलेला असेल, त्याच्या पहिल्या खेळाला पुढून दुसऱ्या रांगेत हे हजर. "शत्रूचा अभ्यास," असं म्हणायचे. अभ्यास कसला, हिरोची आई आंधळी झाली रे झाली की यांचा रुमाल बाहेर. एकदा मी शेजारीच बसलो होतो. मध्यंतरापर्यंत तो रुमाल पिळून वाळत घालायच्या लायकीचा झाला होता. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "अहो, रडताय काय?" तर नाक ओढत माझ्यावरच उखडले. "रडवतात, साडूसाहेब, रडवतात! तेच तर कारस्थान आहे. कष्टकऱ्याचे सगळे अश्रू इथं खपवून टाकायचे, म्हणजे सोमवारी उसात तो कोरडा ठणठणीत!" एवढं बोलून पुन्हा लगबगीनं आत, कारण हरवलेला भाऊ अजून सापडायचा होता.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहायला प्लेन मान्येनला आणि नोकरीला तिथून हाकेच्या अंतरावर, विमानतळावरच्या मालाच्या गोदामात. गंमत बघा, सिनेमाची रिळं घेऊन येणारे ते पत्र्याचे गोल डबे याच गोदामात उतरायचे आणि ते ताब्यात घेऊन शिक्का मारायचं काम नेमकं याच माणसाकडे. "आज पुन्हा अफू उतरवून घेतली," असं म्हणत ते संध्याकाळी घरात शिरायचे, आणि चहाचा पहिला घोट पोटात गेला की आवाज खाली आणून सांगायचे, "नवीन आहे म्हणे. रविवारी लागेल." लग्नाआधी हे काही वर्षं फ्रान्सला जाऊन आले होते. गेले होते हॉटेलात भांडी घासायला. तिथं कामगारांच्या कुठल्याशा क्लबात यांना संपावर गेलेल्या खाणमजुरांची एक फिल्म कुणीतरी दाखवली आणि गडी कायमचा बिघडला. इतर मंडळी फ्रान्सहून येताना अत्तरं आणायची, घड्याळं आणायची, फार झालं तर गोरी बायको आणायची. यांनी आणला हाताच्या पंजात मावेल एवढा कॅमेरा, एक प्रोजेक्टर आणि 'कामाराद' हा शब्द. फ्रेंच लोक कॉम्रेडला कामाराद म्हणतात. मुलगी बघायला आले तेव्हा त्यांनी आमच्या सासऱ्यांना पहिल्याच वाक्यात कामाराद म्हटलं होतं. तरीही लग्न झालं, याचं श्रेय सर्वस्वी माझ्या मेव्हणीच्या हट्टाला.

त्यांच्या लेखी सिनेमा वेगळा आणि फिल्म वेगळी. सिनेमात हिरो असतो, फिल्ममध्ये लोक असतात. सिनेमात गाणी असतात, फिल्ममध्ये घाम असतो. आणि सिनेमा कधीही बघितला तरी चालतो, पण फिल्म भर दुपारीच बघायची, कारण बघून बाहेर पडल्यावर समोरची दुनिया माणसाला लख्ख दिसली पाहिजे. आता भर दुपारी पडद्यावर काही दिसायचं तर खिडक्या झाकायला हव्यात. त्यामुळे साडूंच्या फिल्मचा खेळ म्हणजे जानेवारीच्या, म्हणजे आमच्याकडच्या भर उन्हाळ्याच्या, काहिलीत खिडक्या-खिडक्यांना घोंगड्या ठोकलेली खोली आणि आत उकडून निघणारी जनता. "घामाचं तुम्ही म्हणता ते अगदी खरं आहे हो," असं मी एकदा म्हणालो, ते त्यांना बिलकूल आवडलं नाही. फिल्मला आवाज नसायचा. आवाज पकडणारं यंत्र घेण्याची ऐपत कुणाची? म्हणून प्रोजेक्टरशेजारी उभं राहून हे स्वतःच बोलायचे. सुरुवात मराठीत, रंगात आले की इथल्या क्रेओल बोलीत, संतापले की फ्रेंचमध्ये, आणि समोर कुणी पेंगताना दिसला की भोजपुरीतून थेट त्याच्या बापाच्या नावानं.

दोन्ही हातांचे अंगठे आणि बोटं जुळवून चौकोन करायचा आणि त्यातून जगाकडे बघायचं, ही आणखी एक खोड. बसमध्ये, बाजारात, दवाखान्यात, एवढंच काय, मयताच्या घरीसुद्धा. व्हाकोआला आमच्याकडे यायचे तेव्हा फाटकातूनच चौकोन सुरू. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "हे टेबल इथं का ठेवलंय? उजेड मारतंय सगळा. उचला!" मी सरकारी कचेरीत दिवसभर कारकुनी करून आलेला, आणि माझ्याच घरात मला हमाल करून हे टेबल अंगणात नेऊन ठेवायचे. व्हाकोआचा पाऊस तर तुम्हाला ठाऊक नसेल. कधी येईल त्याचा नेम नाही आणि आला की जायचं नाव नाही. टेबल भिजायचं, बायको माझ्यावर ओरडायची आणि साडू तोवर पुढच्या बसनं निघून गेलेले असायचे. कुठंतरी कुणीतरी संप करणार असल्याची कुणकुण त्यांना लागलेली असायची.

माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात मात्र त्यांनी हद्द केली. सगळ्या नातेवाइकांत कॅमेरा असलेला माणूस एकच, म्हणून आईनं मोठ्या कौतुकानं त्यांना सांगितलं, "पाव्हनं, पोरीच्या लग्नाची फिल्म तुमीच काढा." त्यांनी काढली. दिवसभर घामाघूम होऊन, धुरात डोळे चोळत काढली. महिन्या-दोन महिन्यांनी घरात सगळे जमून बघायला बसलो, तर पडद्यावर काय? मांडवामागची चूल. दालपुऱ्या लाटणारे हात. पातेलं घासणारी राख. विहिरीवरून पाणी आणणाऱ्या बाईच्या टाचा. नवरा नाही, नवरी नाही, अंतरपाट नाही. फक्त एकदा केर काढणाऱ्या बाईच्या पाठीमागून माझ्या बहिणीची हिरव्या चुड्याची मनगटं क्षणभर दिसली आणि गेली. आईनं कपाळावर हात मारून घेतला. साडू शांतपणे म्हणाले, "लग्न कोण लावतं? भटजी? छे! लग्न या हातांनी लागतं, कामाराद." बहीण आजही त्यांना वाढायची वेळ आली की आमटी जरा पातळच वाढते.

रिळं धुवायला फ्रान्सला पाठवावी लागायची. आपण काय काढलं ते कळायला महिना-दोन महिने लागत आणि तेवढ्या काळात या माणसाच्या जिवाची जी घालमेल होई ती बघवत नसे. एकदा बंदरावरच्या हमालांची फिल्म पाठवली होती. तिकडून डबा आला, आणि धीर नसल्यामुळे आधी एकट्यानं न बघताच साडूंनी लोकांना गोळा केलं. दिवे घालवले. पडद्यावर बर्फ! बर्फात घसरगुंडी खेळणारी दोन गोरी मुलं, लोकरीची टोपी घातलेली एक बाई आणि एक कुत्रा. डब्यांची अदलाबदल झाली होती. दुसरा कुणी असता तर शरमेनं दिवे लावले असते. आमचे साडू घसा खाकरून म्हणाले, "पाहा! तुमची साखर गोडीनं खाणारे लोक रविवारी काय करतात ते पाहा!" आणि रीळ संपेपर्यंत बोलत राहिले. त्या फिल्मला जेवढ्या टाळ्या पडल्या तेवढ्या त्यांच्या स्वतःच्या फिल्मला कधी पडल्या नाहीत. कुत्रा विशेष आवडला लोकांना.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. कँपची गोष्ट तशी नव्हती.

प्लेन मान्येनच्या पलीकडे उसात एका साखर इस्टेटीचा जुना कँप होता. कँप म्हणजे मजुरांची वस्ती. पत्र्याच्या खोल्यांच्या समोरासमोर दोन ओळी, मधे अंगण, अंगणात आंबा आणि एक नळ. राहणारी सगळी आमचीच माणसं, ज्यांचे पणजे-खापरपणजे कोकणातून नि देशावरून जहाजात बसून ऊस तोडायला आले ती. साडू तिथंच जन्मले आणि त्यांची आई अजून तिथंच राहत होती. सगळा कँप तिला आये म्हणायचा. सत्तरचं दशक सरता सरता इस्टेटीनं सांगितलं की ही जागा आता आम्हाला हवी आहे. प्रत्येक घराला जमिनीचा तुकडा देऊ, सिमेंटचं घर बांधायला हातभार लावू. देणं वाईट नव्हतं. पण तुकडे होते गावोगावी. एकाला माएबूर्गच्या बाजूला समुद्राकडे, एकाला विमानतळामागं, एकाला पार वर डोंगराकडे. ज्या माणसांनी एका नळावर जन्मभर भांडणं केली, एका आंब्याखाली गणपती बसवला आणि झाकरी नाचली, ती आता पांगणार होती.

साडूंची झोप उडाली. त्यांचं म्हणणं साधं होतं: घरं घ्या, सिमेंटची घ्या, पण सगळ्यांना एकाच ठिकाणी द्या म्हणावं. तोवर कुणी हलू नका. इस्टेटीचे साहेब उसातल्या माणसाचं ऐकणार नव्हते, पण व्हाकोआतल्या शिकल्यासवरल्या, सरकारात बसलेल्या मराठी मंडळींनी वर शब्द टाकला तर ऐकतील, अशी त्यांची खात्री. आणि त्या मंडळींना कँप म्हणजे काय ते दाखवायचं तर फिल्म हवी. या वेळी ते कंबर कसून कामाला लागले ते असे, की आठवड्यातून तीनदा आमच्या दारात. "साडूसाहेब, हीच ती फिल्म! हिच्यासाठीच मी कॅमेरा आणला होता!"

एकच माणूस त्यांच्या बाजूला नव्हतं, ते म्हणजे आये. ती सरळ म्हणायची, "तुजं समदं बराबर हाय रे पोरा. पन सिक्लोन येतो तवा तुजे कामाराद माजा पत्रा धरून बसनार हायत का? तू सोत्ता सिमेटात ऱ्हातोस आनि मला पत्र्याची गोडी सांगतोस व्हय?"

"आये, घर सिमेंटचंच मिळेल. फक्त सगळ्यांनी मिळून एका जागी."

"मिळून मिळून म्हनता म्हनता मी मरन."

यावर साडू बोटांचा चौकोन करायचे आणि त्यातून आयेकडे बघायचे. मग आये चुलीतलं लाकूड उगारायची.

चित्रीकरणाचा रविवार उजाडला. साडूंनी घरोघर फिरून बजावलं होतं की रोज उसात जाता तसे या. कमरेला गोणपाट, डोक्याला फडकं, हातात कोयता. माझी मोटार लागणार होती म्हणून मीही सकाळीच पोचलो होतो. आणि बघतो तर काय, खोल्याखोल्यांतून कँप बाहेर पडतोय तो रेशमी साड्यांत! पुरुष कोट घालून, गळ्यात टाय आवळून. पोरांच्या तोंडांना पावडर. बायकांच्या अंगावर होतं-नव्हतं ते सगळं सोनं, आणि ज्यांच्याकडे नव्हतं त्यांच्या अंगावर शेजारणीचं. आये फिल्मच्या विरोधात होती ना? ती सगळ्यांत पुढं, जरीच्या साडीत, केसांत फूल माळून. साडूंच्या तोंडचं पाणीच पळालं. "अहो, मी काय सांगितलं होतं तुम्हाला? रोजच्यासारखे या म्हणून!"

आयेच्या शेजारची सखूवहिनी पुढं झाली. भांडणात कँपात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. "फोटो काडाय कुनी चिंद्या लेवून येतं व्हय, भावजी? शहरातली मान्सं बगनार म्हनता. पोरींची लग्नं व्हायाची हायत आमच्या अजून!"

"बोंद्ये!" तिचा नवरा म्हणाला. देवाचं नाव आमच्याकडे क्रेओलमध्येच घेतात. "मेलो तरी गोनपाट नेसून फोटो काडनार नाय मी!"

साडू गयावया करू लागले, फ्रेंचमध्ये शिरले, परत मराठीत आले. काही उपयोग नाही. शेवटी तडजोड अशी झाली की कपडे लग्नाचे, पण हातात कोयता. आता कॅमेरा म्हणजे त्या माणसांना ठाऊक असलेला एकच प्रकार, लग्नातला फोटोवाला. त्यामुळे सगळे ओळीत उभे राहिले, श्वास रोखून, पापणी न लववता. "हला! हला की!" साडू ओरडत होते. "काम करा! ऊस तोडा!" मग काय, रेशमी निऱ्या एका हातानं वर धरून, काठाला चिकटा लागणार नाही अशा बेतानं, आमच्या बायकांनी दोन बोटांत ऊस धरून तोडला. अख्ख्या मॉरिशसात एवढ्या हळुवारपणे ऊस कुणी तोडला नसेल. नंतर साडूंना चालत्या कॅमेऱ्यातून सगळा कँप हवा होता. ते माझ्या मोटारीच्या टपावर आडवे झाले आणि मी गाडी हळूहळू अंगणातून हाकू लागलो. कोट घातलेल्या लोकांना वाटलं, वरात निघाली. ते टाळ्या वाजवत गाडीबरोबर चालू लागले, कुणीतरी तांदूळ फेकले, आणि मी त्यांना चुकवता चुकवता गाडी उसाच्या चारीत घातली. साडू टपावरून उडाले ते थेट उसात. कॅमेरा मात्र त्यांनी छातीशी धरून ठेवला होता आणि तो चालूच होता. फिल्ममध्ये तेवढा भाग आकाशाचा आहे.

पुन्हा काढायला रिळं नव्हती, आणि नवी कधी येतील याचा भरवसा नव्हता. आहे तेच जोडून साडू व्हाकोआला आले. आमच्या बैठकेत, म्हणजे गावाच्या ज्या खोलीत एरवी मुलांना मराठी शिकवतात आणि भजन करतात तिथं, भर दुपारी खेळ ठेवला. घोंगड्या मीच ठोकल्या. कचेरीतली मंडळी, शिक्षक, दोन वकील आणि आमचे अध्यक्ष, निवृत्त इन्स्पेक्टर, असे सगळे आले. साडू त्या दिवशी फार सुरेख बोलले. संतापले नाहीत, कुणाच्या बापाचा उद्धार केला नाही. पत्र्याच्या खोल्या, एकच नळ, आजोबा-पणजोबांची राबणूक, आणि आता होणारी ताटातूट, हे सगळं त्यांनी शेवटपर्यंत मराठीतच सांगितलं. मला वाटलं, जमलं. आता एकेक जण उठेल आणि म्हणेल, बोला, कुणाला भेटायचं?

घोंगड्या काढल्या. अध्यक्ष डोळे चोळत उठले. "साहेब, तुमची कळकळ पोचली," ते म्हणाले. "पण खरं सांगू का? माझ्या मुलीच्या लग्नात आमच्या घरात एवढं सोनं नव्हतं. या लोकांना मदत आम्ही करायची?"

हशा पिकला. दुष्टपणानं कुणी हसलं नाही, पण हसले. साडू समजावू लागले की ते सोनं दोन-चार घरांतलं, शेजारणींना वाटून घातलेलं आहे, कोट भाड्याचे आहेत. तोवर मंडळी चपला शोधू लागली होती. तेवढ्यात एक शिक्षक त्यांना बाजूला घेऊन अदबीनं म्हणाले, "ती दुसऱ्या ओळीत हिरव्या साडीतली मुलगी कुणाची हो? आमच्या पुतण्यासाठी बघतोय." ती सखूवहिनीची मुलगी होती. लग्न झालंही सहा महिन्यांत, धुमधडाक्यात. कँप एकत्र राहावा म्हणून काढलेल्या फिल्मनं कँपातलं पहिलं माणूस हलवलं. परतताना साडूंना बसस्टॉपवर सोडायला मी गेलो. बस आली तेव्हा मला म्हणाले, "चूक माझीच. मी त्यांना सांगायला हवं होतं, की तुम्ही गरीब आहात." मग स्वतःच मान हलवली. "पण हे कुठल्या तोंडानं सांगायचं हो?"

त्यानंतरची दोन-तीन वर्षं कशी गेली ते माझ्या मेव्हणीला विचारा. नवी रिळं आली. साडू सुट्ट्या टाकून कँपात. पण आता कुणाला वेळ नव्हता. कुणाचा पाया खणून झाला होता, कुणाला दार-खिडक्या बघायला जायचं होतं. "अजून थोडं थांबा," हे सांगायचे. "फिल्म होतेय." लोक त्यांना चहा द्यायचे, पाठीवर हात ठेवायचे, आणि महिन्याभरात ट्रक बोलवायचे. मग साडू त्या ट्रकची फिल्म काढायचे. एकेक बिऱ्हाड गेलं, एकेक खोली इस्टेटीनं पाडली. सखूवहिनीचं बिऱ्हाड समुद्राकडे गेलं. जाताना आये आणि ती एकमेकींशी बोलल्या नाहीत, कारण आदल्याच दिवशी नळावर जुंपली होती. आयेचा ट्रक आला त्या दिवशी साडू कॅमेरा डोळ्याला लावून अंगणात उभे होते. आये दारातून ओरडली, "अरे मुडद्या, त्ये खाली ठेव आनि कपाटाला हात लाव!" त्यांनी कॅमेरा आंब्याखाली ठेवला आणि कपाटाला हात लावला. म्हणून त्या फिल्ममध्ये स्वतःच्या आईचं जाणं तेवढं नाही.

आये प्लेन मान्येनलाच आली, साडूंच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून, सिमेंटच्या घरात. घरात नळ आला. सिक्लोनही येऊन गेला, घराला काही झालं नाही. साडू भेटायला गेले की ती म्हणायची, "घर ब्येस हाय." आणि थोड्या वेळानं, "पन दिसभर बोलू कुनाशी?" मेव्हणी जायची, सून म्हणून नमस्कार-चमत्कार व्हायचे. पण सुनेशी नळावरचं भांडण होत नाही.

ऐंशीचं दशक मध्यावर आलं. घरोघरी व्हिडिओ आले, माएबूर्गच्या थिएटरात चिटपाखरू फिरकेना आणि साडूंना शत्रूचा अभ्यास एकट्यानंच करावा लागू लागला. अशात एक दिवस ते आमच्याकडे आले आणि म्हणाले, "फिल्म पुरी झाली, साडूसाहेब." कँपच्या जागी ऊस पुरुषभर वाढला होता. फिल्म कुणाला दाखवणार, आणि कशासाठी? "आयेच्या घरी," ते म्हणाले. "सगळ्यांना बोलावतोय." आणि खरोखर, पुढचे कित्येक रविवार हा माणूस बसमधून गावोगाव हिंडला. ज्याच्या त्याच्या दारात उभा राहून म्हणाला, अमुक रविवारी दुपारी या, तुमची फिल्म आहे.

आम्ही दोघं गेलो होतो. आयेची बाहेरची खोली, समोर पांढरी सिमेंटची भिंत, खिडक्यांवर घोंगड्या. माणसं आली. समुद्राकडून आली, डोंगराकडून आली, दोन-दोन बस बदलून आली. सखूवहिनी दारात चप्पल काढत होती, तेवढ्यात आयेनं आतूनच विचारलं, "काय गं, हायस का मेलीस?" "तुज्याआदी कशी मरन?" असं म्हणत ती आली आणि आयेच्या मांडीला मांडी लावून बसली. दिवे गेले. साडूंनी घसा साफ केला. या भाषणाची त्यांनी किती तयारी केली होती ते मेव्हणीनं मला सांगितलं होतं. भिंतीवर कँप उभा राहिला, रेशमी साड्यांतला. एकदा मोठा हशा झाला, पोरांनी बोटं दाखवली. "कामाराद," साडूंनी सुरुवात केली.

कुणी ऐकेना. अंधारात एकानं दुसऱ्याला विचारलं, तुझ्या पोराला नोकरी लागली का. तिसऱ्यानं मधेच सांगितलं, लागली, विमानतळावर. मग सखूवहिनीच्या लेकीला दिवस गेल्याचं निघालं, मग कुणाचं गुडघ्याचं दुखणं, मग विहिणीची कागाळी. माणसं एकमेकांकडे वळून बसली, आणि बघता बघता अर्ध्या खोलीची भिंतीकडे पाठ झाली. भिंतीवर कँप पाडला जात होता, ट्रक भरले जात होते, आणि खाली आये आणि सखूवहिनी त्या जुन्या नळावरून नव्यानं भांडत होत्या. साडूंनी दोनदा आवाज चढवला. एकदा फ्रेंचमध्येही जाऊन आले. इतकी वर्षं एका फिल्मसाठी या माणसानं जीव टाकला, आणि आता ती बघायला एक डोळा तिच्याकडे नाही. ते बोलायचे थांबले. रीळ संपलं, भिंत पांढरी झाली. तशी बोलणारी माणसं दचकली. कुणीतरी म्हणालं, "फिनी?" संपलं का? दोघं-तिघं उठून चपलांकडे बघू लागले, कुणी बसची वेळ विचारली.

साडूंनी घाईघाईनं रीळ उलटं गुंडाळलं आणि पुन्हा पहिल्यापासून लावलं. उठलेली माणसं परत बसली. खोलीत पुन्हा कालवा सुरू झाला.

मी त्यांच्याजवळ जाऊन हळूच म्हटलं, "बघतंय कोण? बंद करूया का? दिवे लावू, सगळ्यांना जरा वारा लागेल."

त्यांनी माझा हात धरला. "नको, नको. दिवे लावू नका," ते कानाशी लागून म्हणाले. "फिल्म संपली, की उठून जातील हो."

त्या दुपारी ती फिल्म त्यांनी पुन्हा पुन्हा लावली. शब्द एक बोलले नाहीत. शेवटच्या बसची वेळ झाली तेव्हा मात्र लोक उठलेच.